रद्दीच्या वाटेवरचा इतिहास

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे राहिले. त्यामुळे मोडी लिपीतला जीर्ण कागदही इतिहासाचे साधन असतो, ही जाणीव खान्देशाला फार पूर्वीपासून आहे. ती वृत्तपत्रांपर्यंत मात्र तितक्या सहजतेने पोचत नाही. दप्तरातला कागद एकुलता एक असतो म्हणून तो जपला जातो, तर वृत्तपत्राच्या असंख्य प्रती निघत असल्याने कोणी ना कोणी अंक ठेवलाच असेल, असे प्रत्येकजण गृहीत धरतो आणि या भरवशावरच शेवटची प्रतही रद्दीत जाते.

वस्तुतः या दोहोंत अधिक नाजूक वृत्तपत्रच आहे. एरंडोल हे गाव एकेकाळी जाडसर देशी कागदासाठी प्रसिद्ध होते. चिंध्या, ताग अशा लांब धाग्यांच्या मालापासून बनणारा हातकागद शतके टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वृत्तपत्रांसाठी जो स्वस्त कागद रूढ झाला, तो लाकूड यंत्राने दळून केलेल्या लगद्याचा असतो. लाकडातील धाग्यांना बांधून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य त्यात तसेच राहते आणि उजेड व हवा लागताच कागद पिवळा पडू लागतो. कागदात आधीच असलेले व पुढे तयार होणारे आम्लही धागे तोडत जाते. म्हणूनच पेशवाईतले पत्र उलगडता येते, पण १९४२ चा अंक घडीवर तुटतो. उष्णतेने ही क्रिया अधिक वेग घेते, त्यामुळे जळगाव-भुसावळकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर टाकलेला गठ्ठा लवकर ठिसूळ होतो, यात नवल नाही.

काय जपावे, याविषयी संग्राहकांचा कल बहुधा मोठ्या दिवसांकडे असतो. १५ ऑगस्ट १९४७ चे किंवा गांधीजींच्या हत्येनंतरचे, ३१ जानेवारी १९४८ चे अंक अनेक घरांनी हौसेने ठेवले आहेत. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे, म्हणजे पहिल्यांदाच एका खेड्यात, काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हाचे अध्यक्ष पंडित नेहरू यांचे भाषण शोधायला आज खान्देशात यावे लागत नाही. परंतु गावकऱ्यांनी त्या अधिवेशनाकडे कसे पाहिले, याचा माग लागलाच तर तो स्थानिक पत्रांतच लागेल. साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून काढलेले ‘काँग्रेस’ साप्ताहिक किंवा जळगावचे, केवळ कवितेला वाहिलेले नारायण नरसिंह फडणीस यांचे ‘काव्यरत्नावली’ हे मासिक यांचे सुटे अंक त्यामुळेच मोलाचे ठरतात. मोठ्या दैनिकाच्या गाजलेल्या अंकापेक्षा लहान गावच्या साप्ताहिकाचा बिनमहत्त्वाचा वाटणारा अंक अधिक दुर्मीळ असतो, आणि त्यातले कापसाचे भाव व जाहीर नोटिसा अग्रलेखाइतक्याच बोलक्या असतात.

अंक वाचताना काळाचे भानही ठेवावे लागते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार व त्याचे साथीदार हुतात्मा झाले, तेव्हा वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते. अशा दिवसांत अंकात काय छापले नाही, हेही संशोधकाला नोंदवावे लागते.

जतनाचे प्राथमिक नियम साधे आहेत. अंक शक्यतो घडी न घालता, सपाट व आम्लरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवावा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही लावू नये, कारण तिचा गोंद कालांतराने तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि अक्षरेही घेऊन जातो. हौसेने केलेले प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर परतीची वाटच बंद करते. जाणकार संरक्षक कागदातले आम्ल अल्कधर्मी द्रावणाने निष्प्रभ करतात, म्हणजे निराम्लीकरण करतात, आणि पातळ जपानी कागद खळीने लावून फाटलेला भाग सांधतात. या कामात पुढे कधीही उलगडता येईल असाच उपाय योग्य मानला जातो.

जळगावात २०१२ मध्ये खुल्या झालेल्या गांधीतीर्थात गांधीजींशी संबंधित कागदपत्रांचे जतन शास्त्रीय पद्धतीने होते, त्यामुळे ही विद्या आता खान्देशाला परकी राहिलेली नाही. अंकांची संगणकीय प्रतिमा घेणेही आवश्यक आहे, कारण त्यामुळे मूळ प्रत हाताळण्याची वेळ कमी येते. मात्र प्रतिमा घेतली म्हणून मूळ अंक टाकून देणे हा शुद्ध अविचार होय, कारण कागद, शाई, पुरवणी आणि समासातली वाचकाची टीप यांवरूनच तो अंक अस्सल आहे की वर्धापनदिनी काढलेली पुनर्मुद्रित प्रत आहे, याचा निवाडा करता येतो.