विचारायला लाजू नका : घरातल्या थोरांचे हक्क



आपल्या घरांत एक जुनी रीत आहे. डॉक्टर, नर्स, वकील किंवा ऑफिसातला साहेब यांना उलट प्रश्न करायचा नाही. ते शिकलेले, त्यांना कळतं. त्यातून इंग्रजी तोडकंमोडकं असलं की आजी-आजोबा नुसती मान हलवतात आणि 'येस, येस' म्हणून मोकळे होतात. कोकणातून मुंबईला आणि तिथून परदेशी येताना ही रीतही सामानाबरोबर आली. पण ओन्टारियोत प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. तो किती मोलाचा, हे आपल्या या लंडनला एका भयंकर प्रकरणाने शिकवलं.

काय घडलं होतं?

एलिझाबेथ वेटलॉफर ही नर्स आधी जवळच्या वुडस्टॉक गावातल्या एका केअर होममध्ये आणि पुढे लंडनमध्येही कामाला होती. २००७ पासून २०१६ पर्यंत तिने आपल्या हाताखालच्या वृद्धांना इन्सुलिनचे जादा डोस टोचले. आठ जणांचा जीव गेला, सात वुडस्टॉकमध्ये आणि एक लंडनमध्ये. जून २०१७ मध्ये तिने कोर्टात गुन्हे कबूल केले आणि तिला जन्मठेप झाली.

मन हादरवणारी गोष्ट पुढेच आहे. तिला कोणी पकडलं नव्हतं. २०१६ मध्ये टोरोंटोच्या एका इस्पितळात तिने स्वतःच सगळं सांगितलं, तेव्हा ते उघडकीस आलं. मग सरकारने न्यायमूर्ती आयलीन गिलीज यांची चौकशी बसवली. आपल्या शेजारच्या सेंट थॉमसला २०१८ मध्ये सुनावणी झाली आणि ३१ जुलै २०१९ रोजी ९१ शिफारशींचा अहवाल आला. तिने कबुली दिली नसती तर हे कळलंच नसतं, असं अहवाल स्पष्ट सांगतो. म्हाताऱ्या माणसाचा मृत्यू कोणाला अचानक वाटत नाही, ही खरी अडचण होती.

त्या कुटुंबांचा यात काडीचाही दोष नव्हता. आणि म्हणून सगळी केअर होम्स वाईट, असंही नाही. मायेने सेवा करणाऱ्या नर्सेस पुष्कळ आहेत. पण चांगल्या नर्सला तुमच्या प्रश्नाचा राग येत नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

केअर होममधले हक्क

लाँग टर्म केअर होम्ससाठी ओन्टारियोत २०२१ चा कायदा आहे, तो ११ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. त्यात रहिवाशांच्या हक्कांची सनद आहे आणि ती होममध्ये सर्वांना दिसेल अशी लावावी लागते. मानाने वागवलं जाणं, आपल्या उपचारांत भाग घेणं, औषधाला हो किंवा नाही म्हणणं, आपला धर्म आणि संस्कृती जपणं, हे सारं तिच्यात आहे. तेव्हा शब्बाथ, सण आणि खाण्यापिण्याचे आपले नियम पहिल्याच दिवशी केअर प्लॅनमध्ये लिहून घ्या.

दाखल झाल्यावर सहा आठवड्यांत, आणि पुढे दरवर्षी, होमने रहिवाशाच्या देखभालीबद्दल बैठक घ्यायची असते. तिला जा. नवीन औषध कोणतं, कशासाठी, कोणी सुरू केलं, ते विचारा. छळ किंवा हेळसांड झाल्याचा सबळ संशय आला, तर सरकारला लगेच कळवणं भेटायला येणाऱ्यावरही बंधनकारक आहे. तक्रार केली म्हणून रहिवाशाला त्रास देता येत नाही की बाहेर काढता येत नाही. त्यासाठीचा सरकारी फोन : १-८६६-४३४-०१४४.

रिटायरमेंट होमचा कायदा मात्र वेगळा, २०१० चा. सही करण्याआधी आपण कुठल्या प्रकारच्या होममध्ये जातो आहोत ते पाहून घ्या.

मुखत्यारपत्र

'कुलमुखत्यारपत्र' म्हटलं की अलिबाग-पेणकडची विकली गेलेली जमीन आठवून आपली माणसं दचकतात. इथे मुखत्यारपत्रं दोन असतात. एक पैसाअडका आणि मालमत्तेचं, दुसरं तब्येत आणि देखभालीचं. दुसरं तुमची समज गेली तरच लागू होतं. पहिलं मात्र, त्यात वेगळं काही लिहिलं नसेल, तर सही होताच लागू होतं! म्हणून नीट वाचूनच सही करा. दोन साक्षीदार लागतात, पण नवरा-बायको किंवा स्वतःची मुलं चालत नाहीत. ज्याला मुखत्यार नेमलं तोही चालत नाही. सरकारी फॉर्म फुकट मिळतात.

समज शाबूत आहे तोवर निर्णय तुमचाच, मुलगा कितीही हुशार असला तरी. कागद केलाच नाही, तर उपचारांसाठी कायदा जवळच्या नातलगांना क्रमाने विचारतो, पण बँकेतले पैसे आपोआप कोणाच्या हाती जात नाहीत.

नाजूक गोष्ट आहे, पण सांगायलाच हवी. मुलाने स्पॉन्सर केलं म्हणून आईबाप त्याचे मिंधे होत नाहीत. स्पॉन्सरने सरकारला खर्चाची हमी दिलेली असते. भांडण झालं म्हणून तो आईबापांचं पर्मनंट रेसिडन्स रद्द करवू शकत नाही. घरात कोणी धमकावत असेल, पैसे काढून घेत असेल, तर सीनियर्स सेफ्टी लाइन रात्रंदिवस चालू असते : १-८६६-२९९-१०११. जिवाला धोका असेल तर थेट ९११.

बालमित्रांनो, हे तुमच्यासाठी

आजीला भेटायला जाल तेव्हा एक वही न्या. औषधांची नावं, नर्सचं नाव आणि तारीख लिहा. आजीला काय विचारायचं आहे तेही लिहून घ्या. मोठ्या ऑपरेशनच्या वेळी मात्र दुभाषाचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका. इस्पितळाकडे दुभाषी मागायला मोठ्यांना सांगा.

आणखी एक. 'आजोबा, मी तुमचा नातू, पोलिसांनी पकडलंय, लगेच पैसे पाठवा, कोणाला सांगू नका' असे खोटे फोन म्हाताऱ्या माणसांना येतात. म्हणून घरात एक गुप्त शब्द ठरवा. शब्द सांगता आला नाही तर फोन ठेवायचा आणि नातवाच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा. फक्त तो शब्द 'चिकाचा हलवा' ठेवू नका, तो साऱ्या समाजाला ठाऊक आहे!

आईबापांना मान देण्याची आज्ञा आपण लहानपणापासून पाठ करतो. त्यांच्या वतीने शांतपणे, हसतमुखाने चार प्रश्न विचारणं हाही मानच आहे. आपल्या थोरामोठ्यांना एकशेवीस वर्षांचं आयुष्य लाभो, आणि ते त्यांच्या मर्जीने जगता येवो, हीच आमची प्रार्थना.