संगणकाचा सातबारा

दिवाळीच्या आगेमागे हलकं धान कापून होतं आणि गोंदियाच्या रेलटोलीतल्या त्या छोट्या दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. आधारभूत खरेदी केंद्रावर धान घालायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी हवी. त्यासाठी सातबारा, आधार, पासबुक घेऊन शेतकरी गावातल्या सेवा केंद्रापुढे रांग लावतात, आणि वर्षभर कुरकुरत चाललेला तिथला संगणक नेमका याच आठवड्यात मान टाकतो. मी माझा लॅपटॉप घेऊन गेलो होतो. काम पंधरा मिनिटांचं होतं, बसलो मात्र दोन दुपारी.

गोरेगाव तालुक्यातला एक पंचविशीतला केंद्रचालक मोटरसायकलच्या मागच्या सीटवर सीपीयू दुपट्ट्यानं बांधून आला.

"थम्ब मशीन चालून नाही राहिली जी. काल रात्री साफसफाई केलो, सकाळपासून अंगठाच घेत नाही."

"कायची साफसफाई?" दुकानदारानं मान वर न करता विचारलं. वय पन्नाशीच्या पुढचं, चष्मा दोरीनं गळ्यात.

"रजिस्ट्रीची. बाराशेच्या वर एरर दाखवत होता."

दुकानदारानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "बॅकअप ठेवलास का गा?"

"त्यानं विचारलं होतं. मी 'नो' दाबलो."

संगणक सुरू झाला तसा तो सफाई करणारा प्रोग्रॅम आपणहून पुढे आला. लाल पट्टी, धोक्याकडे झुकलेला काटा, खाली मोठ्या आकड्यात त्रुटींची संख्या. ही प्रत कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेली, कुलूप तोडलेली होती. एरवी अशा प्रोग्रॅमच्या धंद्याची रीत ठरलेली आहे. तपासणी फुकट, दुरुस्तीला पैसे. फुकटात तपासणाऱ्याला भरपूर रोग सापडणार, यात नवल ते काय?

रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं दप्तर. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ती लहानशी होती, कुठली फाइल कुठल्या प्रोग्रॅमनं उघडायची, मुख्यतः एवढंच तिच्यात असे. विंडोज ९५ पासून सगळा कारभार तिच्यात गेला: कुठला प्रोग्रॅम कुठे बसवला आहे, प्रिंटर कोणता, कोण सुरुवातीलाच चालू होणार, मराठी टायपिंगचा कळफलक कुठला. दुकानदारानं ती बघायचं साधन, रेगएडिट, उघडून दाखवलं. डावीकडे पाच मुख्य फांद्या, त्यांच्या पोटात हजारो कप्पे, आणि कित्येक कप्प्यांवर महिरपी कंसातली बत्तीस अक्षर-आकड्यांची नावं. माणसानं वाचावीत म्हणून ती ठेवलेलीच नाहीत.

सफाईवाला प्रोग्रॅम या दप्तरात शिरतो आणि प्रत्येक नोंदीत लिहिलेल्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतो. फाइल सापडली नाही की नोंद बेवारस ठरवतो. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या मागे राहिलेल्या अशा नोंदी असतातच. सातबाऱ्यावर मयताचं नाव वर्षानुवर्षं राहतं, तशा. पण त्या नावामुळे धानाच्या बांधीत पाणी कमी चढत नाही. विंडोज काही दर वेळी अख्खी रजिस्ट्री वाचत बसत नाही, हवी ती नोंद तिच्या वाटेनं जाऊन थेट काढतं. नोंदींची मूळ फाइल कित्येक एमबींची, त्यातून हजारभर नोंदी खोडल्या तरी निघणार काही केबी. आणि खोडलेली जागा फाइलमध्ये रिकामी पडून राहते, फाइल तेवढ्यानं आक्रसतही नाही.

धोका उलट बाजूला आहे. दार वाजवलं तेव्हा मालक बाजाराला गेला असेल तर? पेन ड्राइव्हवर, नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रावर किंवा त्या वेळी न जोडलेल्या हार्ड डिस्कवर फाइल असेल तर पत्ता खोटा वाटतो आणि नोंद उडते. दुकानदार त्याच्या भाषेत म्हणाला, "आमच्या सातबाऱ्यावर झुडपी जंगल लिवलं आहे. जागेवर एक झुडूप नाही. म्हणून खोडून पाहा बरं!" पूर्व विदर्भात हा दाखला कुणालाही कळतो. जुन्या दप्तरातल्या त्या दोन शब्दांवर गोंदियासह सहा जिल्ह्यांतल्या जमिनींचा प्रश्न अडकला आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या जमिनी वनजमिनीच मानल्या.

पोराच्या यंत्रात तसंच अर्धवट घडलं होतं. थम्ब मशीनचा प्रोग्रॅम काढायला गेलं की विंडोज म्हणे असा प्रोग्रॅमच नाही, नव्यानं टाकायला गेलं की म्हणे आधीच आहे. सफाईत काही नोंदी उडाल्या होत्या, काही तशाच राहिल्या होत्या. विंडोज मागच्या तारखेला परत न्यावं तर रिस्टोअर पॉइंट बंद. मग दुकानदारानं जे केलं ते बघण्यासारखं होतं. रेगएडिटमध्ये प्रोग्रॅमच्या नावानं शोध घेतला, एक कप्पा उघडला, आतला पत्ता बोट लावून वाचला. आधी त्या कप्प्याची प्रत डेस्कटॉपवर काढून ठेवली. मगच तो खोडला. पुन्हा शोध, पुन्हा प्रत. अशा तीन नोंदी. संगणक बंद-चालू, प्रोग्रॅम नव्यानं, आणि पोराचा अंगठा हिरव्या दिव्यावर.

म्हणजे नोंद खोडण्याचा फायदा होतो. एखादा अँटिव्हायरस किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर धड निघाला नसेल तर त्याची उरलेली मुळं उपटावीच लागतात. पण ती कुणाची हे ओळखून, एकेक, आणि प्रत ठेवून.

दुकानदाराची उमेदीची वर्षं विंडोज ९८ च्या काळात गेली. तेव्हा मेमरी तुटपुंजी, त्यामुळे फुगलेली रजिस्ट्री खरंच भोवायची. ९८ स्वतःच तिच्या पाच प्रती राखून ठेवायचं. मायक्रोसॉफ्टनंही तेव्हा रेगक्लीन नावाचं साधन काढलं होतं आणि पुढे ते मागेही घेतलं. आज त्या कंपनीची भूमिका अशी की रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना आमचा पाठिंबा नाही, बिघाड झाला तर तुमचं तुम्ही बघा. घाबरवून पैसे काढणाऱ्या सफाई प्रोग्रॅमना १ मार्च २०१८ पासून विंडोज डिफेंडर नकोसं सॉफ्टवेअर म्हणून अडवू लागलं. नावाजलेल्यांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला आणि ती सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोहोचली. कुलूप तोडलेल्या प्रतीत काय असेल याची कल्पनाच करावी.

पोराची मूळ तक्रार मात्र तशीच होती. संगणक हळू चालतो म्हणून तर त्यानं सफाई केली होती. दुकानदारानं बाजूचं झाकण काढलं. केंद्राच्या शेजारी राइस मिल. पंख्याच्या पात्यांवर कोंड्याचा पिवळसर थर, प्रोसेसरच्या पट्ट्यांमध्ये तर नमदाच बसलेला. दुकानाबाहेर नेऊन ब्लोअर मारला तेव्हा रस्त्यावर धुरळा उठला आणि चहावाल्यानं शिव्या घातल्या. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, सगळं तिच्यावर उतरवलं, सुरुवातीलाच उठणारे सात-आठ प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून बंद केले. आधी विंडोज उघडेपर्यंत चहा पिऊन होत होता, आता कप हातात घेईपर्यंत उघडलं. या सगळ्यात रजिस्ट्रीतलं काही खोडलं नव्हतं.

"मग ते बाराशे एरर?" पोराचं मन अजून तिथंच.

कोपऱ्यात एका गिऱ्हाइकाचा संगणक होता, त्यावर त्याच सकाळी कोरं विंडोज टाकलेलं, दुसरं काही नाही. पुन्हा टाकायचंच आहे असं म्हणत दुकानदारानं त्यावर सीक्लीनर उतरवून घेतलं आणि फक्त तपासणीचं बटण दाबलं. यादी सरसर खाली धावू लागली. पोरगा वाकून मोजायला लागला, अर्ध्यावर थांबला, आणि दुपट्टा झटकून सीपीयू बांधायला घेतला.