गहाण आणि अट

संकटात सापडलेल्या देशाला बाहेरून मिळणारे कर्ज क्वचितच बिनशर्त असते. मात्र देणारा बदल्यात काय मागतो आणि कबूल केलेले पाळले जाते की नाही हे कसे तपासतो, यावर त्या मदतीचे खरे स्वरूप ठरते. वसईजवळच्या निर्मळ गावाच्या परिसराने मदतीच्या व्यवहाराचा एक टोकाचा नमुना पूर्वीच पाहिला आहे. हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी जवळच्याच वसईत ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून तैनाती फौज मिळवली, तिच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि परराष्ट्र व्यवहारही कंपनीच्या संमतीशी बांधून घेतला. ती मदत लष्करी होती, पण तिची किंमत आणि तिची अट दोन्ही एकाच धन्याच्या हाती गेली.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची कल्पना यापेक्षा वेगळी आहे. १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे जी परिषद त्याच्या स्थापनेसाठी भरली, तिच्या भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर, रायगड जिल्ह्यातील नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. सदस्य देश आपापल्या हिश्शाची वर्गणी या निधीत भरतात आणि आयातीचे पैसे चुकते करण्याइतके परकीय चलन ज्याच्याजवळ उरत नाही, तो सदस्य त्यातून उचल करतो. सार्वभौम देशावर जप्ती आणता येत नाही, म्हणून नाणेनिधी वस्तू गहाण ठेवून घेत नाही, तर कर्जदाराच्या पुढील वर्तनाची हमी मागतो आणि रक्कम हप्त्याहप्त्याने, प्रत्येक वेळी आढावा घेऊन सोडतो.

१९९१ च्या भारतीय अनुभवात हा भेद लोकस्मृतीत पुसट झाला आहे. आखाती युद्धामुळे तेल महागले, तेथील भारतीय कामगारांकडून येणारा पैसा आटला, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या आणि जूनपर्यंत गंगाजळी जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला पाठवले आणि त्यावर बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. ‘नाणेनिधीने सोने गहाण घेतले’ असे जे आजही बोलले जाते ते चुकीचे आहे: हा निव्वळ तारणाचा व्यवहार होता, त्याला धोरणाची अट नव्हती आणि काही महिन्यांतच ते कर्ज फेडले गेले. घरातले सोने बाहेर गेल्याची बोच इतकी खोल असते की खरी अट कोठे होती हे तिच्यामागे झाकून गेले.

अट होती ती ऑक्टोबर १९९१ मध्ये मंजूर झालेल्या, सुमारे २.२ अब्ज डॉलरच्या नाणेनिधीच्या कर्जाला. अशा कर्जासाठी अर्जदार सरकार ‘इरादापत्र’ लिहून देते, म्हणजे काय काय करणार याची लेखी कबुली. त्यातील प्रमुख वचन राजकोषीय तूट, अर्थात सरकारच्या उत्पन्नापेक्षा अधिक होणारा खर्च, घटवण्याचे होते. डाव्या पक्षांनी अर्थसंकल्प वॉशिंग्टनमध्ये लिहिला गेल्याचा आरोप केला, तर समर्थकांनी यातील बहुतेक सुधारणांची चर्चा दिल्लीत आधीपासूनच चालू असल्याचे सांगितले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण तूट किती असावी हे बाहेरून सांगता येते, ती कोणाच्या खिशातून भरून काढायची हे मात्र देशाचे राजकारण ठरवते. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंग यांनी खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवण्याचा प्रस्ताव मांडला, स्वपक्षातूनही विरोध झाल्यावर ती वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान व सीमांत शेतकऱ्यांना तिच्यातून वगळले. निर्मळच्या आसपास वाडीत केळी आणि फुले पिकवणाऱ्या अल्पभूधारकाच्या दृष्टीने इरादापत्रातील टक्केवारीपेक्षा ही माघार अधिक मोलाची होती, आणि ती संसदेतील दबावामुळे पदरी पडली.

भारताने नाणेनिधीचे सर्व कर्ज २००० पर्यंत फेडले. २०२२ मध्ये श्रीलंका कोसळली तेव्हा भारताने तिला सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली आणि जानेवारी २०२३ मध्ये, नाणेनिधीच्या कर्जासाठी आवश्यक असलेली कर्जपुनर्रचनेची हमी सर्व धनको देशांआधी दिली. त्या कर्जाच्या अटींखाली कोलंबोत करवाढ झाली आणि वीज महागली, तेव्हा तिथल्या निदर्शकांच्या तक्रारी १९९१ च्या भारतीय संसदेतील भाषणांशी बऱ्याच जुळत होत्या.