शोधप्रबंधातील रुग्ण : संशोधन-नीतीच्या अध्यापनाविषयी थोडेसे

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पीएच.डी.च्या सर्व विद्यार्थ्यांसाठी 'संशोधन व प्रकाशन नीती' हा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला. सहा घटक आणि तीस तास असे त्याचे स्वरूप आहे. त्यांपैकी तत्त्वज्ञान व नीतिविचारास चार तास आणि वैज्ञानिक आचरणास चार तास दिलेले आहेत. उरलेले बावीस तास प्रकाशन-नीती, मुक्त प्रकाशन, प्रकाशनातील गैरप्रकार आणि माहितीकोश व संशोधनमापन यांच्याकडे जातात. हा अभ्यासक्रम इतिहासापासून अभियांत्रिकीपर्यंत सर्व विद्याशाखांसाठी आखलेला असल्याने त्यात रुग्णाला स्वतंत्र घटक नाही, याबद्दल आयोगास दोष देता येणार नाही. मात्र कायचिकित्सेत अथवा रसशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या वैद्याला नीतीचे शिक्षण एवढ्यावरच पूर्ण झाले असे वाटू लागले, तर तो दोष आपला आहे.

सध्या नीती म्हटली की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम साम्य तपासणारी संगणक-प्रणाली उभी राहते. २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांस एक वर्षाची बंदी आहे. आणि साठच्या वर नोंदणीच रद्द होते. हे आकडे विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतात. परंतु साम्य नऊ टक्के असूनही प्रबंधातील चाळीस रुग्णांना आपण कशात सहभागी झालो हे कळलेच नाही, असे होऊ शकते, आणि ते मोजणारी कोणतीही प्रणाली अस्तित्वात नाही.

संमतीचा विषय शिकवताना बहुधा अमेरिकेतील टस्कीगीचे उदाहरण दिले जाते. तेथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे फिरंगरोगाच्या कृष्णवर्णीय रुग्णांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचारांविना केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले. हे उदाहरण सांगितलेच पाहिजे. तथापि ते ऐकून विद्यार्थी मनाशी म्हणतो की, असले क्रौर्य आपण करणार नाही; आणि तेथेच त्याचा विचार थांबतो. आपल्या रुग्णालयांतील प्रश्न क्रौर्याचा नाही, विश्वासाचा आहे.

समजा, आमवाताची एक वृद्ध रुग्णा बाह्यरुग्ण विभागात आली. ती वैद्याकडे आली आहे, संशोधकाकडे नव्हे. प्रकृती, अग्नी, वय, बल व ऋतू पाहून वैद्य औषध देतो, हे तिने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले आहे. प्रत्यक्षात तिला कोणत्या गटात घालावयाचे हे चिठ्ठीने ठरते, आणि गटातील प्रत्येकास तेच औषध, तीच मात्रा व तोच काल दिला जातो. संशोधन म्हणजे स्वतःसाठी योजलेली चिकित्साच, हा गैरसमज सर्वच वैद्यकपद्धतींच्या रुग्णांमध्ये आढळतो. आयुर्वेदाच्या रुग्णामध्ये तो अधिक खोल असतो, कारण वैयक्तिक विचार हेच आपल्या शास्त्राचे वैशिष्ट्य म्हणून आपण त्याला सांगत आलो आहोत. म्हणून संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने तोंडाने, साध्या मराठीत सांगितले पाहिजे : ''आजी, हे औषध मी तुमची प्रकृती पाहून निवडलेले नाही. हे घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी तुमचे नेहमीचे उपचार इथेच चालू राहतील.''

हे वाक्य उच्चारणे किती कठीण आहे, ते वर्गात करून पाहिल्याखेरीज कळत नाही. अध्यापकाने दोन विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवावे. नैतिकता समितीतील सामान्य नागरिक सदस्यास ऐकण्यास बोलवावे. मग, 'तुम्हाला काय समजले ते सांगा' असे त्या सदस्यास विचारावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माघार घेण्याचा हक्क आणि संशोधनामुळे इजा झाल्यास भरपाई यांचा अंतर्भाव आहे. या दोन मुद्द्यांवर विद्यार्थी हमखास अडखळतो. दहा व्याख्यानांपेक्षा असा एक तास अधिक शिकवून जातो, असे आमचे मत आहे.

दुसरा नाजूक मुद्दा चालू औषधांचा. मधुमेहाच्या रुग्णाचे आधुनिक औषध 'केवळ अभ्यासाच्या काळापुरते' थांबवणे आराखड्यात सोयीचे दिसते, कारण त्यामुळे निष्कर्ष निर्भेळ मिळतो. परंतु साखर किती वाढल्यास अभ्यास थांबवायचा, रुग्णाला कोणाकडे पाठवायचे आणि रात्री दूरध्वनी कोणी उचलायचा, याची लेखी उत्तरे आराखड्यात नसतील, तर मार्गदर्शकाने त्यावर सहीच करू नये.

औषधनिर्मात्या वाचकांचा संबंध येथून पुढे अधिक येतो. विद्यार्थ्याला पुरेसे विद्यावेतन नसते. औषध विनामूल्य मिळाले तर त्याचा मोठा भार हलका होतो. औषध देणे गैर नाही. प्रश्न असा की, परिणाम प्रतिकूल आला तर तो प्रसिद्ध होईल काय? हे आरंभीच लेखी ठरलेले असावे. भारतीय चिकित्सा-परीक्षण नोंदवहीत (सीटीआरआय) २००७ पासून नोंदणी होते आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण दाखल करण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. तीस शुल्क नाही. उद्दिष्टे व मोजमापे आधीच नोंदलेली असल्याने नंतर सोयीची लक्षणे निवडून 'उत्तम उपशय' दाखवणे कठीण होते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही नोंद म्हणजे जाच नसून, निर्माता अथवा मार्गदर्शक आग्रह धरू लागल्यास नकार देण्याचा आधार आहे.

रसौषधींच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पाहावी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद अथवा सोमल आढळले. त्यावर आपल्याकडे पुष्कळ संताप व्यक्त झाला, काही अंशी तो योग्यही होता. शोधन-मारणाचा विचार त्या पाहणीत नव्हता. परंतु अनुसूची ई-१ मधील द्रव्य असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे निर्मात्यास बंधनकारक आहे. मग त्याच औषधाच्या अभ्यासातील संमतिपत्रात 'यात पारदयुक्त कल्प आहे' हे वाक्य का नसावे?

लेखकत्वाविषयी चरकाचार्यांचे स्मरण होते. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात त्यांनी वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत : छद्मचर, सिद्धसाधित आणि जीविताभिसर. त्यांतील सिद्धसाधित म्हणजे अंगी ते गुण नसताना प्रसिद्ध व ज्ञानी पुरुषांच्या नावाच्या आश्रयाने वैद्य म्हणवून घेणारे. संशोधनात काडीचाही सहभाग नसलेल्या नामवंताचे नाव शोधनिबंधावर घातले जाते, तेव्हा विद्यार्थी आपल्या निबंधास सिद्धसाधित बनवीत असतो. पाश्चात्त्य नियमावलीतील 'मानद लेखकत्व' हा शब्द पाठ करून घेण्यापेक्षा हा दाखला आपल्या विद्यार्थ्यास लवकर उमगतो. (नामवंतांनीही नकार द्यावयास हरकत नाही!)

हे शिकवणार कोण, ही खरी अडचण आहे. नीतीचा तास बहुधा विभागातील सर्वांत कनिष्ठ अध्यापकाकडे येतो. विद्यार्थ्याच्या मार्गदर्शकास तेथे बोलावले जात नाही, आणि प्रबंधातील रुग्णसंख्या वेळेत पूर्ण करण्याची घाई त्याच मार्गदर्शकाकडून होत असते. नीतीच्या तासाला मार्गदर्शक व विद्यार्थी यांनी एकत्र बसावे, एवढा नियम महाविद्यालयास स्वतःच्या अधिकारात करता येईल. त्यास आयोगाच्या परिपत्रकाची गरज नाही.

आपल्यापैकी अनेकांकडे असे विद्यार्थी रुग्ण मागण्यासाठी येतात, औषधी-भांडारांकडे औषध मागण्यासाठी येतात. त्या वेळी त्यांच्याकडे नैतिकता समितीचे मान्यतापत्र, सीटीआरआयचा नोंदणी-क्रमांक आणि मराठी संमतिपत्राची प्रत मागावी. औषध देणाऱ्याने त्या घाण्याचा क्रमांक व विश्लेषण-अहवाल सोबत द्यावा आणि नमुन्याची एक बाटली सीलबंद करून स्वतःकडे ठेवावी.