दोष तारेत असतो, अक्षरात नव्हे

आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली आले आणि १९६९ मध्ये त्याची ‘सी’ आवृत्ती निघाली. मोडेमसाठी आखलेली ही सीरियल जोडणी जुन्या सीएनसी यंत्रांवर आणि वजनकाट्यांवर आजही राबते आहे. ती अडली की लॅपटॉपला लॉजिक अ‍ॅनालायझर लावण्याची आता पद्धत आहे. तरीही तपासाची सुरुवात जुन्या ब्रेकआउट बॉक्सपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. कारण इथले नेहमीचे दोष मजकुरात नसतात, ते तारेत आणि व्होल्टेजमध्ये असतात.

हा तळहातावर मावणारा डबा केबलच्या मधोमध बसतो. २५ पिनांचे दोन कनेक्टर, प्रत्येक तारेला स्विच, मुख्य तारांना दुरंगी दिवे आणि सोबत जम्परच्या वायरी, एवढाच त्याचा संसार. काहीही पाठवले जात नसताना डेटाची तार उणे व्होल्टेजवर असते, त्यामुळे तिचा दिवा तेव्हाही लागलेला दिसायला हवा. २ क्रमांकाचा दिवा लागला आणि ३ क्रमांकाचा विझलेला राहिला, तर बहुधा दोन्ही उपकरणे एकाच पिनवरून पाठवत आहेत. ते दोन स्विच उघडून जम्परने तारांची अदलाबदल केली आणि दोन्ही दिवे लागले, की निदान झाले. ५ क्रमांकाचा दिवा योग्य रंगात नसेल, तर पाठवणारा सीटीएसच्या परवानगीसाठी खोळंबला आहे.

पुढचे काम जुन्या ऑसिलोस्कोपचे. इंग्रजी कॅपिटल ‘यू’ सलग पाठवला की पडद्यावर चौकोनी लाटा उमटतात. ९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा. तो २०८ चा दिसला तर समोरचे यंत्र ४८०० वर चालले आहे. लाटेची उंचीही तिथेच कळते: अधिक ३ ते उणे ३ व्होल्टमधला पट्टा मानकाने अनिश्चित ठरवला आहे.

लॉजिक अ‍ॅनालायझर स्वस्त आहे, तासन्‌तास नोंद ठेवतो आणि अक्षरे उलगडून देतो, हा आक्षेप खरा आहे. प्रोटोकॉलच्या चुकांसाठी तोच वापरावा. पण स्वस्त अ‍ॅनालायझरला १२ व्होल्ट सोसत नाहीत, म्हणून मध्ये रिसीव्हर चिप लावावी लागते. ती चिप दोन व्होल्टांचा अशक्त संकेतही स्वच्छ शून्य-एक करून पुढे देते आणि शोधायचा दोष तिथेच पुसला जातो. जुन्या स्कोपचे कॅलिब्रेशन ढळलेले असते, हेही मान्य. बॉडमधला दोन-चार टक्क्यांचा फरक त्यावर मोजू नये. मात्र संकेत दोन व्होल्टांचा आहे की नऊ, हे सांगायला तेवढी अचूकता लागत नाही. म्हणून आधी तार, मग व्होल्टेज, मग वेळ आणि शेवटी अक्षरे, हाच क्रम धरावा. पहिल्या तीन पायऱ्यांची ही जुनी साधने भंगारात काढली, तर दुरुस्तीत अंदाजच उरेल.