भुंकल्यावर निघून जाणारा माणूस

फ्लॅटमध्ये राहणारा पाळीव कुत्रा दिवसातून कितीतरी लढाया जिंकतो. जिन्यावर अनोळखी पावलं वाजतात, बेल वाजते, कुत्रा दाराशी धावून जीव तोडून भुंकतो आणि मिनिटभरात ती पावलं परत फिरतात. पावलं परत फिरतात, कारण पार्सल देऊन झालेलं असतं. पण पार्सल, ओटीपी, पुढची ऑर्डर यातलं काहीच कुत्र्याला ठाऊक नसतं. त्याच्या लेखी हिशोब सरळ आहे: मी भुंकलो म्हणून तो गेला. दुपारी दुसरा येतो, तोही जातो. संध्याकाळी तिसरा येतो, तोही जातो.

प्राण्यांच्या शिकण्याचा हा अगदी मूलभूत नियम आहे. एखादी कृती केल्यावर नकोशी गोष्ट दूर झाली, तर ती कृती पक्की होत जाते. आपल्या घरादारांत डिलिव्हरीवाल्यांनी नकळत लाखो कुत्र्यांना हा धडा दिला आहे आणि एकाही कुत्र्याला तो चुकीचा ठरल्याचा अनुभव आलेला नाही, कारण डिलिव्हरीवाला खरोखरच दर वेळी निघून जातो. मग एखाद्या दिवशी दार जरा जास्त उघडं राहतं, आणि शेकडो विजयांचा आत्मविश्वास घेऊन कुत्रा बाहेर येतो.

अमेरिकेत टपाल खातं दरवर्षी याची मोजदाद जाहीर करतं. 2023 मध्ये तिथल्या पोस्टमनवर 5,800 हून अधिक वेळा कुत्र्यांनी हल्ले केले, 2024 मध्ये हा आकडा 6,000 च्या पुढे गेला. तिथले पोस्टमन रोज त्याच रस्त्याने जातात, तरीही. आपल्याकडे डिलिव्हरी करणाऱ्यांवरच्या हल्ल्यांचा वेगळा हिशोब सहसा समोर येत नाही. पण देशात 2024 या एका वर्षात कुत्रा चावल्याच्या 37 लाखांहून अधिक घटनांची सरकारदरबारी नोंद झाली. ज्यांचं कामच दिवसभर अनोळखी दारांशी आणि अनोळखी गल्ल्यांत जाण्याचं आहे, त्यांच्या वाट्याला यातलं काय येत असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

या विषयाचा जितका विचार करावा, तितकं एक जाणवत जातं. कुत्र्याच्या शरीरात आणि मनात हजारो वर्षांपासून ज्या यंत्रणा आहेत, त्या सगळ्या एकाच वेळी जाग्या व्हाव्यात अशीच या कामाची घडण आहे. हद्दीपर्यंत यायचं, तिथे थबकायचं, अंगावर शंभर ठिकाणांचे वास बाळगायचे आणि वेगाने निघून जायचं. कुत्रा त्या माणसावर चिडलेला नसतो. तो त्या कामाच्या आकारावर प्रतिक्रिया देत असतो.

वासापासून सुरुवात करू. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या साधारण 50 ते 60 लाख पेशी असतात, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींहून अधिक. हुंगताना तो सेकंदाला पाच वेळा श्वास ओढू शकतो. उच्छ्वास बाहेर पडतो तो नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांमधून, त्यामुळे बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या गंधाला विस्कटत नाही. आता डिलिव्हरीच्या दुचाकीचा विचार करा. पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत ती ज्या ज्या गल्लीत उभी राहिली, तिथल्या एखाद्या कुत्र्याने टायरवर आपली खूण सोडलेली असू शकते. कुत्र्याच्या लघवीत तो नर की मादी, विणीच्या काळात आहे का, खूण ताजी की जुनी, असा तपशील असतो. आपल्याला दिसते एक धुळकट मोटरसायकल. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी मात्र आठ-दहा परक्या टोळ्यांच्या खुणा अंगावर घेऊन कुणीतरी थेट त्यांच्या हद्दीत शिरलेलं असतं.

माणसाचा ताणही कुत्र्याला वासावरून कळतो. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये हे दाखवून दिलं. 36 जणांना अवघड गणित घालून त्यांचा श्वास आणि घाम टिपला, गणिताआधीचा आणि नंतरचा. प्रशिक्षण दिलेल्या चार कुत्र्यांनी ताणानंतरचा नमुना सुमारे 94 टक्के वेळा अचूक ओळखला. भ्यायलेल्या माणसाला कुत्रा चावतोच, असा याचा अर्थ नव्हे. पण उशीर झालेला, घामाघूम झालेला, एका हाताने फोन सावरत पत्ता शोधणारा माणूस दार उघडण्याआधीच कुत्र्याला बरंच काही सांगून बसलेला असतो.

डोळ्यांचीही गंमत आहे. लाल-हिरव्यातला फरक कुत्र्याला जवळजवळ दिसत नाही, त्याचं जग मुख्यतः निळं आणि पिवळं. पण हालचाल टिपण्यात तो आपल्या पुढे आहे. पोलिसी कुत्र्यांवरच्या एका जुन्या अभ्यासात हलणारी वस्तू त्यांना 800 मीटरच्याही पुढून ओळखता आली, तीच वस्तू स्थिर असताना मात्र 600 मीटरच्या आत यावं लागलं. दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परतवणारा थर असल्याने अंधुक उजेडातही त्याला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. रात्री अकरा वाजता रिकाम्या रस्त्यावरून जाणारी एकटी दुचाकी त्याच्या नजरेतून सुटणं अशक्यच.

आणि ती दुचाकी पळते. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अभ्यासक जोडप्याने कुत्र्यांच्या शिकारी वागण्याची साखळी मांडली आहे: लक्ष जाणं, नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणं. माणसाने निरनिराळ्या जाती घडवताना या साखळीतले काही दुवे ठळक केले, काही पुसट केले. मेंढ्या राखणारा बॉर्डर कॉली पाठलागापर्यंत जातो आणि थांबतो. पाठलाग करायला कुत्र्याला भूक लागलेली असावी लागत नाही. धावणं हेच धावण्याचं बक्षीस असतं. त्यातून दुचाकीवाला घाबरून वेग वाढवतो, गल्लीच्या टोकाला नाहीसा होतो, आणि इथेही कुत्राच जिंकतो. दारामागचा धडा रस्त्यावर पुन्हा गिरवला जातो.

पण रस्त्यावरच्या कुत्र्यांची गोष्ट इथे संपत नाही, किंबहुना इथून ती अधिक सुंदर होते. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी आपल्याच भटक्या कुत्र्यांचा अभ्यास करत आले आहेत. 2017 मध्ये त्यांनी दाखवलं की अनोळखी माणसाने वारंवार खाऊ देण्यापेक्षा वारंवार मायेने थोपटल्यावर या कुत्र्यांचा विश्वास अधिक बसतो. 2020 च्या अभ्यासात माणसाने हाताने दाखवलेली दिशा कुणीही न शिकवता या कुत्र्यांना समजते, असं आढळलं. जवळ यायला जी कुत्री धजावली, त्यांतल्या सुमारे 80 टक्क्यांनी इशारा बरोबर पाळला. दगड उचलण्यासाठी वाकल्याचा नुसता आविर्भाव केला तरी कुत्री मागे सरकतात, हे आपल्याकडे प्रत्येक पोराला ठाऊक असतं. त्यामागे माणसाच्या देहबोलीचं केवढं बारीक वाचन आहे!

हे वाचन जाणलं की एक कोडं सुटतं. पहाटेच्या दूधवाल्यावर, पेपरवाल्यावर गल्लीतली कुत्री सहसा भुंकत नाहीत. तोच माणूस, तीच सायकल, तीच वेळ. काही दिवसांत तो गल्लीचाच होऊन जातो. अ‍ॅपवरून काम करणाऱ्याला ही सोय नाही. आज ही गल्ली, उद्या ती. ओळख वाढावी, विश्वास बसावा इतका वेळ त्याला कधी मिळतच नाही. प्रत्येक रात्री तो प्रत्येक गल्लीत नव्याने परका असतो.

त्यात ऋतूचाही हात असतो. पावसाळा सरत येतो तो या कुत्र्यांच्या मिलनाचा काळ. गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आणि पुढे हिवाळाभर गल्लोगल्ली, पार्क केलेल्या गाड्यांखाली, जिन्याच्या पोकळीत पिल्लं असतात. उन्हाळ्यात शेपूट हलवणारी तीच मादी जानेवारीत अंगावर येते, कारण चार पावलांवर तिची डोळे न उघडलेली पिल्लं आहेत.

हल्ला आकाशातून पडत नाही. चावण्याच्या कितीतरी आधी कुत्रा बोलत असतो. ब्रिटनमधल्या पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी या पायऱ्यांची शिडीच मांडली आहे. आधी जांभई, पापण्यांची उघडझाप, नाक चाटणं. मग मान वळवणं, अंग चोरणं. मग अंग ताठ होणं, नजर रोखणं, गुरगुरणं, हवेत चावा. खरा चावा सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्यांवरचं बोलणं कुणी ऐकलं नाही की कुत्रा वर चढतो. म्हणून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दटावून गप्प करणं घातक असतं. आवाज बंद होतो, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी इशाऱ्याविना चावा येतो. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूश आहे, हेही नेहमी खरं नाही. इटलीतल्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवलं की मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि परका, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे.

एवढं कळल्यावर काय करायचं ते आपोआप सुचत जातं. हालचालीने पाठलाग चेतवला जातो, म्हणून दुचाकीचा वेग वाढवण्याऐवजी कमी करायचा. बहुतेक वेळा पाठलागातली हवाच निघून जाते, आणि जीवघेणं ठरू शकणारं पडणंही टळतं. लाथ झाडायची नाही, ओरडायचं नाही. पायी असताना पाठ फिरवून पळायचं नाही. डोळ्यांत डोळे न घालता, किंचित तिरपं उभं राहून, सावकाश मागे सरकायचं. पाठीवरची बॅग पुढे घेऊन आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची. अमेरिकी पोस्टमनना त्यांची झोळी अशीच ढाल म्हणून वापरायला शिकवतात. गेटपाशी आधी आवाज द्यायचा, कुत्रा झोपेतून दचकू नये म्हणून.

तरीही चावा बसलाच, तर पुढची काही मिनिटं सर्वांत मोलाची. रेबीजचा विषाणू जखमेतून स्नायूत शिरतो, तिथून मज्जातंतूच्या टोकाशी चिकटतो आणि तंतूच्या आतल्या वाहतुकीवर स्वार होऊन मेंदूकडे निघतो. हा प्रवास बहुधा आठवडे, महिने चालतो. लक्षणं दिसली की मृत्यू जवळजवळ अटळ. पण त्याआधीचा सगळा वेळ आपल्या हातात असतो. या विषाणूचं बाहेरचं आवरण मेदाचं असतं आणि साधा साबण ते विरघळवतो. म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. तडक दवाखाना गाठायचा, लस घ्यायची, चाव्याने त्वचा फाटून रक्त आलं असेल तर जखमेभोवती सीरमही, आणि ठरलेल्या तारखांचे सगळे डोस पूर्ण करायचे. लुई पाश्चर यांनी 6 जुलै 1885 रोजी नऊ वर्षांच्या एका मुलाला रेबीजची लस टोचवली, तेव्हाही मदार याच संथ प्रवासावर होती: विषाणू मेंदूत पोचण्याआधी शरीराला तयार करणं.

आपल्या शेजारच्या गोव्याने यापुढचं पाऊल टाकून दाखवलं आहे. दारोदारी फिरून 70 टक्के कुत्र्यांना लस टोचण्याचं लक्ष्य ठेवून तिथे 2013 पासून मोहीम चालली. 2019 पर्यंत माणसांमधला रेबीज थांबला आणि कुत्र्यांमधल्या दरमहा नोंदी 92 टक्क्यांनी घटल्या. ज्या भीतीने आपण भटक्या कुत्र्याकडे पाहतो, तिच्यातला सर्वांत काळा भाग माणसाच्या प्रयत्नाने पुसता येतो, याचा हा पुरावा आहे.

आणि तरीही सगळं शहाणपण डिलिव्हरीवाल्यानेच शिकावं, हे न्यायाचं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये पनवेलच्या एका गृहसंकुलात लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या डिलिव्हरी कर्मचाऱ्याला मालकासोबतच्या पाळीव कुत्र्याने चावा घेतला. जानेवारी 2023 मध्ये हैदराबादेत बंजारा हिल्सला जेवण पोचवायला गेलेला 23 वर्षांचा तरुण अंगावर आलेल्या जर्मन शेफर्डपासून वाचताना तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि मरण पावला. दोन्हीकडे कुत्रा रस्त्यावरचा नव्हता. त्याला मालक होता. पाळीव प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार गुन्हा आहे. पण कायद्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. चावलेल्या माणसाला लशीसाठी पुन्हा पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, आणि त्यातली प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली कमाई, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ऑर्डर दिली की कुत्र्याला आतल्या खोलीत न्यावं, खोलीचं दार लावावं, मगच बाहेरचं उघडावं. सूचना लिहायच्या जागी घरात कुत्रा असल्याचं लिहावं. सोसायटीच्या आवारात पिल्लं झाली असतील तर वॉचमनला सांगून येणाऱ्याला सावध करावं. आवारातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालंय का, ते विचारावं. कुत्र्याला त्याच्या हजारो वर्षांच्या स्वभावातून बाहेर काढणं आपल्या हातात नाही. पण तो स्वभाव ज्या क्षणी पेटतो, तो दाराचा क्षण पूर्णपणे आपल्या हातात आहे. दोन प्राण्यांमधल्या त्या गैरसमजाचा उलगडा फक्त त्या घरात राहणाऱ्या माणसाला माहीत असतो, म्हणून पहिली जबाबदारीही त्याचीच.