गोठ्यातील छुपी दगडी

बुऱ्हाणपूर म्हटले की राजघाटापाशी वाहणारी तापी आठवते आणि खवय्यांना माव्याची जिलेबी. पण ज्या दुधाचा मावा व्हायचा, ते कासेतच हिणकस होऊ लागले, तर गवळ्याला त्याची वर्दी कोण देणार?

दगडी हा रोग उघड झाला म्हणजे कोणालाही ओळखता येतो. कास सुजते, तापते, दुधात गाठी दिसतात. परंतु त्याचे छुपे रूपच अधिक आढळते. गाय वैरण खाते, रवंथ करते, दूधही पांढरेशुभ्र दिसते. मात्र ते थोडेथोडे घटत जाते. मग कोणी पेंडीला दोष देतो, कोणी दृष्ट काढतो! वास्तविक सडाच्या तोंडातून जंतू आत शिरलेले असतात व त्यांच्याशी झुंजण्यास रक्तातील पांढऱ्या पेशी दुधात उतरतात. मिलिलिटरमागे त्या दोन लाखांहून अधिक झाल्या की रोगाचा संशय घ्यावा. अशा दुधातील साखर व केसीन घटते, क्षार वाढतात.

१९५७ साली कॅलिफोर्नियात शाल्म व नूरलँडर यांनी यावर एक सोपी चाचणी दिली. तिचे घरगुती रूप असे: अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवावी. पहिल्या धारा टाकून प्रत्येक सडाचे दूध वेगळ्या वाटीत घ्यावे. एकत्र केल्यास आजारी सडाचे दूध निरोगी दुधात लपून जाते. तितकेच द्रावण घालून वाटी हलवावी. पेशी फुटून मिश्रण शेंबडासारखे घट्ट झाले, तर तो सड आजारी समजावा. नुकत्याच व्यालेल्या वा आटत आलेल्या गाईचे दूध मात्र या चाचणीत फसवते. शाळकरी मुलीलाही हे जमेल.

पुढचे काम पशुवैद्याचे. दुकानातून आणलेली सुई अंदाजाने टोचू नये; अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात. पुष्कळदा गाय आटवतानाच सडात औषध सोडणे हितावह ठरते. उपचार चालू असता व पुढे पशुवैद्य सांगेल तितके दिवस ते दूध विकू नये.

रोग पसरविणारा बहुधा आपलाच हात असतो. सडांना दुधाचे बोट लावून धार काढण्याची खोड तर फारच वाईट. हात व सड धुऊन कोरडे करावेत, आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढावी, नंतर सड आयोडीनच्या सौम्य द्रावणात बुडवावेत. धारेनंतर सडाचे तोंड अर्धाएक तास उघडे राहते. तेवढा वेळ गव्हाणीत वैरण टाकून गाय उभी ठेवावी.